कासवांच्या गावी जाताना: पाहुणचार, श्रमदान आणि टिकणारी ओळख

फेब्रुवारी लागला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, आंजर्ल्याला फोन जायला लागतात. पिल्लं कधी सुटणार, खोली मिळेल का, गाडी थेट किनाऱ्यापर्यंत जाते का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण तिथे दोन दिवस राहून आलेल्या कुणालाही विचारून बघा: ज्या घरी जेवलात त्यांची शेती किती, प्यायचं पाणी कुठून येतं, मुलं गावात आहेत की मुंबईला? बहुतेकांना सांगता येत नाही. मोबाइलमध्ये पिल्लांचे फोटो ढिगाने असतात, आणि पहाटे उठून घावणे घालणाऱ्या काकूंचं आडनावसुद्धा आठवत नाही.

गावाशी ओळख व्हावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ओळख सर्वांत लवकर होते ती सोबत काम केल्याने, आणि ते काम गावाने सांगितलेलं असावं लागतं. बाकी सगळं, म्हणजे प्रवास कसा करायचा, पैसे किती द्यायचे, कचऱ्याचं काय करायचं, हे त्याच्या आगेमागे येतं. उदाहरण म्हणून मी वेळासचा किनारा घेतला आहे, कारण पर्यटन, निसर्ग आणि गावाचं पोट या तिन्ही गोष्टी तिथे एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते स्पष्ट दिसतं.

आधी गावाचं काम समजून घ्या

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं. आज ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्याच्या किनाऱ्यावर ही कासवं एकाच वेळी हजारोंनी अंडी घालायला येतात. कोकणात तसं होत नाही. इथे एखाद्या रात्री एखादी मादी येते, वाळूत दीडेक फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लं बाहेर पडताना बघायला ती थांबत नाही.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरायची, आणि माणसंही खायला, विकायला न्यायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, इथे संरक्षणाचं काम सुरू केलं. गावातलीच मुलं त्यात आली. पहाटे किनारा चालायचा, वाळूत मादीचा माग शोधायचा, घरटं सापडलं की अंडी काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात त्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची. हे वेळेत आणि हलक्या हाताने करावं लागतं. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात आतला जीव कवचाला चिकटायला लागतो, आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. पुढे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब. वाळू गरम असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त. त्या केंद्राला राखण लागते, खड्ड्यागणिक नोंद लागते, अपेक्षित दिवस जवळ आला की वर टोपली झाकावी लागते आणि ती वेळोवेळी उचलून बघावी लागते.

आता वन विभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान या कामात आहेत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं गेलं. पण रोज पहाटे वाळू तुडवणारे पाय अजूनही गावातल्या कासवमित्रांचेच आहेत. कासव महोत्सव सुरू झाला तो या कामाला हातभार म्हणून. पाहुणे आले, घरांत राहिले, जेवले, तर कासव जिवंत राहण्यात गावाचंही हित राहतं. हा धागा जाण्याआधी समजून घेतला तर तिथे गेल्यावर काय बोलायचं आणि काय मागायचं नाही, हे आपोआप कळतं.

तुम्ही वेळासला जाणार नसाल, दुसरं गाव ठरवलं असेल, तरी ही पायरी गाळू नका. त्या गावाचं चालू काम काय आहे? पाणी, जंगल, शाळा, बी-बियाणं, काहीतरी असतंच. तिथल्या संस्थेचा एखादा अहवाल वाचा, तालुक्याच्या बातम्या वाचा, जाऊन आलेल्याशी बोला.

एकच गाव धरा, आणि त्याचं वर्ष पाहा

आठ दिवसांत पाच गावं करणाऱ्याची कुणाशीच ओळख होत नाही. एक गाव धरा. चार दिवस मिळत असतील तर चारही तिथेच काढा. दोनच मिळत असतील तर आत्ता दोन आणि पुढच्या मोसमात दोन.

कोकणातल्या गावाचं वर्ष साधारण असं चालतं. जून-जुलैत नांगरणी, चिखलणी, भाताची लावणी. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, तेव्हा चाकरमानी घरी आलेले असतात आणि घरात पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. नोव्हेंबर-डिसेंबरात ओढ्यांवर कच्चे बंधारे. त्याच सुमारास कासवांच्या माद्या यायला लागतात, पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मध्येच शिमगा. एप्रिल-मे म्हणजे काजू, आंबा, आणि बऱ्याच वाड्यांमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो.

याचा उपयोग असा: पिल्लं आणि शिमगा अनेकदा एकत्र येतात. पालखी घरोघरी फिरत असते, घरचे लोक रात्र रात्र जागतात. अशा वेळी खोली मागण्याआधी "शिमग्यात तुम्हाला अडचण होईल का?" एवढं विचारा. होईल म्हणाले तर तारीख बदला. आणि पालखीला या म्हणाले तर नक्की जा, पण देवासमोर फोन उगारण्याआधी मानकऱ्यांना विचारा.

लोकांना भेटायला सर्वांत चांगला काळ माझ्या मते नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर. कापणी उरकलेली असते, हवा छान असते, पर्यटक नसतात, आणि हातांना काम भरपूर असतं. पिल्लं मात्र दिसणार नाहीत.

फोनवर काय बोलायचं

ऑनलाइन खोली धरण्यापेक्षा गावातल्या घराला, ग्रामपंचायतीला किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेला थेट फोन करा. वेळासला हॉटेलं नाहीत, घरगुती निवासच आहे, त्यामुळे फोन शेवटी कुणाच्या तरी माजघरातच वाजतो. दुपारी एक ते चार जेवण-विश्रांती असते. सकाळी दहाच्या सुमारास किंवा दिवेलागणीनंतर करा.

बोलणं साधं ठेवा. "नमस्कार काकू, मी पुण्याहून बोलतोय. आम्ही दोघं चार दिवस राहायला येऊ म्हणतो. त्या दिवसांत गावात काही श्रमदान किंवा संस्थेचं काम असेल तर आम्हाला हाताखाली घ्याल का? नसेल तर नुसते राहू." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काम द्यायलाच हवं असं समोरच्याला वाटलं, तर तुमच्यासाठी खोटं काम उभं करावं लागतं: आधीच स्वच्छ असलेलं अंगण झाडून घेणं, शाळेतल्या मुलांना तासभर तुमच्यासमोर बसवणं. त्यात गावाचा वेळ जातो.

मग विचारायचं ते असं. पाण्याची सध्या काय परिस्थिती? शौचालय कमोडचं की साधं (घरात वयस्कर माणूस येणार असेल तर हे आधी विचारलेलं बरं)? जेवण काय असतं, कुणी काय खात नाही? शेवटची एसटी किती वाजता? येताना तालुक्याहून काही आणायचं आहे का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. औषधाची पट्टी, शिवणयंत्राची सुई, मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मची प्रिंट. तालुक्याला जायचं म्हणजे ज्यांचा आख्खा दिवस मोडतो, त्यांना यातलं काहीही दारात मिळालं तर केवढा उपयोग होतो!

काही गावांत परवानगीचा मुद्दा याहून गंभीर आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी ओळखलं जातं, आणि तिथे निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. अशा गावात एका ओळखीच्या माणसाने "या" म्हटलं म्हणजे गावाने बोलावलं असं होत नाही. आपण कोण, कशासाठी येतो, किती दिवस राहणार, काय लिहिणार, कुठे छापणार, हे आधी कळवा आणि होकाराची वाट पाहा.

जाताना

वेळाससाठी मंडणगडपर्यंत एसटी आणि पुढे गावची एसटी, हा स्वस्तातला मार्ग. रेल्वेने आलात तर खेड किंवा माणगावला उतरून एसटीने मंडणगड. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हा हिशेबही मनात धरा. रायगडकडून येणाऱ्यांना श्रीवर्धन तालुक्यातल्या बागमांडल्याहून वेशवीला जाणारी फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून देते. वेशवीहून बाणकोट आणि वेळास जवळच.

गावच्या एसटीत बसणं हा ओळखीचा पहिला धडा असतो. मागच्या बाकावर पोती, पुढे शाळेची मुलं, आणि कंडक्टरला प्रत्येकाचं घर माहीत. "कुणाकडे उतरणार?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तर दिलंत की तुम्ही पोचण्याआधी बातमी पोचलेली असते. स्वतःच्या गाडीतून काच वर करून गेलात तर हे सगळं हुकतं. गाडी न्यावीच लागली तर ती घराशी लावा आणि गावात पायी फिरा. किनाऱ्यावर गाडी नेणं तर पूर्ण वर्ज्य, कारण चाकाखाली घरटं आलं तरी आपल्याला कळत नाही.

सामानात स्टीलची बाटली, एक रिकामी पिशवी (तिचं काम पुढे), जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, चिखलात चालतील अशा चपला, टॉर्च आणि लाल जिलेटीन पेपर. घाटावरून जात असाल तर यजमानांसाठी आपल्याकडचं काहीतरी न्या: गूळ, शेंगदाणे, घरचा चिवडा, चांगली ज्वारी. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पैसे देऊन राहत असलो तरी ते लागू आहे. मात्र वाटेत भेटणाऱ्या मुलांना चॉकलेटं वाटू नका आणि जुने कपडे गोळा करून नेऊ नका. पाहुणा दिसला की हात पुढे करायची सवय त्या मुलांना आपणच लावतो.

घरात राहताना

तुम्ही एका नांदत्या घरात शिरला आहात. चपला पायरीखाली, स्वयंपाकघरात आणि देवघराशी विचारल्याशिवाय जायचं नाही, दारू नाही. पंक्तीत ताट पुढे आल्यावर "हे आमच्याकडे असं करत नाहीत" असं म्हणायचं नाही. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी असं जे घर जेवतं ते जेवा. मोसम नसताना मासळी किंवा आंबा मागू नका. उकडीचे मोदक हवेच असतील तर आदल्या दिवशी सांगा, आणि वळायला शेजारी बसा. पारीला कळी पाडताना आपली बोटं कशी अडखळतात हे बघून घरातल्या बायका हसतात, शिकवतात, आणि तिथून पुढे त्या मोकळ्या बोलायला लागतात. पाहुण्यांमधले पुरुष ओटीवर आणि बायका आत, अशी विभागणी आपोआप होते, मुद्दाम मोडा. पुरुषांनी ताटं घासायला उठलं तर सुरुवातीला "राहू द्या हो" होईल, दुसऱ्या दिवशी होणार नाही.

पाणी एप्रिल-मेमध्ये एका माणसाला एक बादली, एवढं धरून चला. शॉवर, कपडे धुणं, गाडी धुणं, काहीही नाही.

कचरा जो आणाल तो परत न्यायचा. ती रिकामी पिशवी त्यासाठी. बहुतेक खेड्यांत कचरा उचलणारी गाडी येत नाही. पॅड, डायपर, बिस्किटांची वेष्टनं, बॅटऱ्यांचे सेल घराच्या मागे खड्ड्यात जातात नाहीतर जाळले जातात. ओला कचरा तेवढा द्या, तो माडाच्या आळ्यात जातो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ज्याच्याकडे जास्तीची खोली आणि बरं न्हाणीघर आहे, त्यालाच पाहुणे ठेवता येतात. म्हणजे पर्यटनाचा पैसा गावातल्या बऱ्या घरांकडे आधी जातो, आणि आपली ओळखही त्यांच्यापुरतीच राहते. दुसऱ्या वाड्या असतात, मजुरीवर जगणारी घरं असतात, बंदरावरचे मच्छीमार असतात. यजमानांनाच विचारा, "रिक्षा कुणाची घेऊ? मासळी कुणाकडून? आमसुलं कोण करतं?" आणि त्या त्या दारी स्वतः जा. गाव खऱ्या अर्थाने कळायला लागतं ते तिथून.

किनाऱ्यावर

पिल्लं सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, ऊन नसताना. कुठल्या दिवशी निघतील ते निसर्गाच्या हातात, त्यामुळे "आम्ही एवढ्या लांबून आलो" हे कासवमित्राला ऐकवू नका. त्याला ते रोज ऐकावं लागतं.

टोपली उचलली जाते तो क्षण मात्र विलक्षण असतो. वरून वाळू नुसती खचल्यासारखी दिसते. मग एक राखाडी-काळं डोकं, मग एक वल्ह्यासारखा पाय, आणि बघता बघता एकाच्या पाठीवरून दुसरं असे सगळे जीव वर यायला लागतात. कासवमित्र ती मोजून टोपलीत घेतो, पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतो. थेट पाण्यात सोडत नाहीत. तेवढं अंतर पिल्लाने स्वतः चालायचं असतं. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. निसर्गात तो उजेड म्हणजे पाण्यावरचं आकाश. तुमच्या फोनचा फ्लॅश त्याहून जवळ असेल तर ते तुमच्याकडे वळेल. म्हणून फ्लॅश नाही, टॉर्च नाही, दोरीच्या पुढे पाऊल नाही, हात लावणं नाही. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुमच्या बुटाचा खोल ठसासुद्धा त्या जिवाला खड्डा असतो. पिल्लं जायच्या वाटेवर उभं राहूच नका.

रात्री किनाऱ्यावर जायचं नाही. मादी वर येताना माणसांची चाहूल किंवा उजेड लागला तर ती अंडी न घालताच मागे फिरते. गावात रात्री चालताना मात्र टॉर्च हवाच, कोकणात फुरसं पायाखाली येऊ शकतं. किनाऱ्याला लागून असलेल्या वाटेवर टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि झोत पायाशी ठेवा.

पहाटेच्या फेरीला सोबत न्याल का, असं विचारायला हरकत नाही. नेलंच तर मागून चाला, मुकाट्याने चाला. माग दिसला तर तो ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखा असतो, येतानाची एक रेघ आणि जातानाची एक. त्यावर पाय पडू देऊ नका, कारण घरटं कुठे आहे याचा तोच पुरावा असतो. या फेरीत जे बोलणं होतं, कुणाचा मुलगा बोटीवर गेला, यंदा आंब्याला मोहर कसा, मानधन वेळेवर येतं का, ते दुपारच्या गप्पांत कधी निघत नाही.

काम

नोव्हेंबर-डिसेंबरात कोकणातल्या गावांमध्ये ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या वनराई संस्थेच्या नावाने हा बंधारा ओळखला जातो. बाहेरून आलेल्या नवख्या हातांसाठी यापेक्षा चांगलं काम मला माहीत नाही: कौशल्य कमी लागतं, माणसं भरपूर लागतात, आणि संध्याकाळी साठलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं. ते पाणी आजूबाजूच्या विहिरींना आणि गुरांना पुढे कामाला येतं.

जागा गावातला जाणता माणूस ठरवतो, जिथे ओढा अरुंद आहे आणि दोन्ही काठ घट्ट आहेत. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोणी जमवलेल्या असतात. तिथलीच माती-वाळू भरायची, पण तोंडापर्यंत नाही. पाऊण गोण भरली की ती बसते, गच्च भरलेली गोण गोल होते आणि थरातून घरंगळते. तोंड दाभणाने, सुतळीने शिवायचं. मग साखळी धरून एकेक गोण पुढे सरकवायची. खालचा थर रुंद, वर अरुंद होत जाणारा, वरच्या थराची गोण खालच्या दोन गोणींच्या सांध्यावर. फटींत चिकणमाती पायाने दाबायची. शिवायला बहुधा बायका बसतात आणि त्यांचा हात इतका चालतो की भरणारे मागे पडतात. या साखळीत तुमच्या एका बाजूला सरपंच आणि दुसऱ्या बाजूला नववीतली मुलगी असू शकते. दोन तासांत नावं पाठ होतात.

लावणीचं तसं नाही. पावसाची उघडझाप धरून शेतकऱ्याला खाचर उरकायचं असतं, आणि नवख्याने लावलेली रोपं वाकडी, खोल नाहीतर तरंगती बसतात. हौस म्हणून चार ओळी लावा, पण उरलेला वेळ रोपांच्या मुठी बांधाबांधाने पोचवायला, चहा न्यायला, गुरं बघायला द्या. चिखलात उतरण्याआधी पायाला जखम नाही ना ते बघा. भातशेतीच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "भातात उतरलो होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. अपघात किंवा सर्पदंश झाला तर १०८ ला फोन, आणि गावठी उपाय करत न बसता सरकारी रुग्णालय.

किनाऱ्याची सफाई कासवमित्रांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या पट्ट्यातच करा. दाताळं ओढू नका, खाली घरटं असू शकतं, हाताने वेचा. आणि वेचलेला कचरा कुठे जाणार हे आधी ठरवा. गावातच ढीग घालून निघून जाणं म्हणजे समुद्राचा कचरा गावाच्या गळ्यात बांधणं.

शाळेत दोन दिवस 'शिकवायला' जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मुलांचा अभ्यासक्रम थांबतो, शिक्षकांना तुमची सरबराई करावी लागते. त्याऐवजी शिक्षकांना एक नेमकं काम विचारा: ग्रंथालयाची यादी, बिघडलेला संगणक, विज्ञानाच्या साहित्याची दुरुस्ती. तुमचं एखादं पक्कं कौशल्य असेल, हिशेब, विजेचं काम, नळजोडणी, छायाचित्रण, तर ते फोनवरच सांगून ठेवा, गाव वापरून घेईल. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढलेले नाव-गावासह टाकू नका.

लांब पल्ल्याचं काम करायचं असेल तर

आठ-दहा दिवस देता येत असतील तर संस्थेच्या शिस्तीत जा. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर भरते. पहाटे उठून श्रमदान, दुपारी व्याख्यानं आणि चर्चा, संध्याकाळी गाणी. मेमधलं चंद्रपूरचं ऊन सोपं नाही, डोक्याला पंचा आणि सोबत पाणी हवंच. नोंदणी आनंदवनाकडे आधी करावी लागते. 'हाथ लगे निर्माण में, नहीं माँगने, नहीं मारने' हे बाबांचं वाक्य तिथे फावडं हातात घेतल्यावर वेगळं कळतं.

पुण्याची 'मैत्री' ही संस्था मेळघाटातल्या कोरकू गावांमध्ये पावसाळ्यात धडक मोहीम चालवते. बालमृत्यूचा धोका त्या महिन्यांत वाढतो, म्हणून स्वयंसेवक तुकड्यांनी जाऊन राहतात, घरोघरी फिरतात. तिथे मराठी पुरेल असं समजू नका, पाच-पंचवीस कोरकू शब्द शिकून जा. आणि अशा कामाला आधी प्रशिक्षण असतं. ते न घेता जाण्याचा आग्रह धरू नका.

पैशांचं

श्रमदान केलं म्हणून राहण्या-जेवण्याचे पैसे कमी करून मागू नयेत. घराने सांगितलेला दर पूर्ण द्या, घासाघीस नाही, आणि निघायच्या आदल्या रात्रीच द्या. सकाळच्या गडबडीत यजमानांना हिशेब सांगायला संकोच वाटतो. रोख ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका. कोकम आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी जिथे बनते तिथूनच घ्या. संस्थेला देणगी द्यायची तर पावती घेऊन संस्थेच्याच खात्यात. कुणा एकाला खासगीत मोठी रक्कम दिली की गावात वाद लागतात, आणि ते निस्तरायला तुम्ही तिथे नसता.

परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत फोटो छापून पोस्टाने पाठवा. मोबाइलवरचे हरवतात, छापलेला आजोबांचा फोटो भिंतीवर लागतो. कबूल केलेलं काहीही असेल, पुस्तक, पत्ता, कॉलेजची माहिती, तर तेही त्याच आठवड्यात. होणार नसेल तर फोन करून "जमत नाही" असं सांगा. गावातली माणसं वाट पाहतात आणि आठवण करून देत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यानंतर कामाशिवायचा फोन. जोराचा पाऊस लागला, वादळाची बातमी आली, दहावीचा निकाल लागला की करा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने याच उत्तर कोकणात माड-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी आधीची ओळख असलेल्या माणसाने "काय पाठवू?" विचारलं तर खरं उत्तर मिळतं, कौलं हवीत की ताडपत्री की नुसता चार्ज केलेला पॉवरबँक.

आणि बंधारा घातला असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस राखून ठेवा. गोणी प्लास्टिकच्या असतात, उन्हाने विरतात, आणि पहिल्या पुराला बंधारा फुटला की त्यांच्या चिंध्या ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात, जिथे तीच कासवं असतात. पाऊस पडायच्या आत गोणी फोडून माती काठाला टाकायची, धड गोणी झटकून, वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या, फाटक्या बांधून तालुक्याला भंगारात द्यायच्या. या कामाला बाहेरचं फारसं कुणी येत नाही. फोन करून तारीख विचारा, दाभण-सुतळी लागणार नाही, कोयता आणि हातमोजे न्या.